दाजींनी कबूल केलेले पाचशे शब्द

१० फेब्रुवारी १९७४

कडेगावहून आत्ता परत. अंग आंबलंय, डोकं त्याहून. शालनची सुपारी फुटली. आक्काची थोरली, माझी सगळ्यात थोरली भाची. आनंद व्हायला हवा. झालाही असता, यादी करताना दाजी गप्प बसले असते तर.

स्थळ चांगलं. कोरेगाव तालुक्यातलं. मुलगा लष्करात लेफ्टनंट. आजा शिपाई, बाप सुभेदार होऊन पेन्शनवर आलेला, आणि घराण्यातला हा पहिला अधिकारी. बोलणी सगळी बापाशी. नवरदेव रजा संपवून पंजाबात गेलाय, त्याने मुलगी पाहिली ती पोह्यांची बशी संपेपर्यंत.

कागद माझ्यापुढे, कारण आमच्यात लिहिण्यात हात चालतो तो माझा. सोनं, भांडी, मानपान, नेहमीचं सगळं लिहून झालं. मग सुभेदार म्हणाले, "हुंडा आमाला नको. फकस्त एक. तिकडं सायबांच्या बायका इंग्रजीत बोलत्यात. पोरीला दोनशे शब्द यावंत, अर्थासकट. लग्नाआधी."

यावर माणूस काय म्हणतो? "बरं" म्हणतो. दाजींनी मिशीवरून हात फिरवला. "दोनशे? पाश्शे लिवा! पोरीचा मामा साताऱ्यात इंग्रजीचा मास्तर हाय म्हणलं!"

बैलाची बोली लावावी तसं. मंडळी खूश. मी दाजींकडे पाहिलं तर मलाच उलट, "लिवा की मास्तर, शाई संपली का?"

लिहिलं. "मुलीस इंग्रजी पाचशे अवघड शब्द अर्थासह यावेत. परीक्षा पाडव्यानंतर. न आल्यास सुपारी परत." हे शेवटचं वाक्यही दाजींचंच. "अवघड" सुद्धा त्यांचंच.

शालन दाराआड होती. तिला कुणी विचारलं नाही. मलाही नाही, म्हणा.

१७ फेब्रु.

शालन आली. ट्रंक, वळकटी, गुळाची ढेप. पोचवायला दाजी. उसाला पाणी द्यायचंय म्हणून उभ्याउभ्या चहा घेऊन स्टँडकडे पळाले. जाता जाता, "मास्तर, पैलवान घडवत्यात तशी घडवा." पैलवानाला निदान भूक तरी असते. ही मॅट्रिकला इंग्रजीत काठावर निघालेली, त्यालाही दोन वर्षं झाली.

माझं कॉलेजातलं शब्दांचं पुस्तक माळ्यावरून काढलं. कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं कसरीने खाल्लेली. उरलेलं बक्कळ आहे.

सौ. म्हणाली, "पोर चार महिने माहेरपण करून सुखाने सासरी गेली असती. तुम्हा पुरुषांना बैठकीत बसलं की काय होतं?" मला काय विचारते? दाजींना विचार म्हणावं.

२१ फेब्रु.

रडकुंडीला आलो. ती नाही, मी.

सकाळी दहा शब्द देतो. संध्याकाळी घडाघडा म्हणते. दुसऱ्या सकाळी पाटी कोरी. "मेटिक्युलस?" शून्य. "कालच सांगितला ना?" "काल हुता." हे उत्तर झालं?

वर प्रश्न. "मामा, हे कोण कुणाला म्हणतं?" मी म्हटलं, कुणीही कुणालाही. काटेकोर माणसाला म्हणायचं. "न्हाई, पण तुमी कुणाला म्हणलाय का आजपतोर?"

पुढचा शब्द घे म्हटलं.

२६ फेब्रु.

वर्गात निबंधांचे गठ्ठे, घरी ही. आज मात्र एक बदल. सगळे शब्द आले. मागचेही. मला संशय. पुस्तक उलटसुलट करून विचारलं, तरी आले.

खोदून विचारल्यावर कळलं. बाईसाहेबांनी प्रत्येक शब्दाला गावातला एकेक माणूस नेमून दिलाय. फ्रुगल, काटकसरी, म्हणजे जुन्या काडेपेटीच्या काड्या दोन चिरा करून वापरणारी शेजारची म्हातारी. गलिबल, भोळसट, म्हणजे चुलतभाऊ, जत्रेत तेच बंद घड्याळ तीनदा विकत घेऊन आलेला. ऑस्टेंटेशस, मिरवणारी, म्हणजे सरपंचीणबाई, पाणी आणायला जाताना पाटल्या घालून जातात. ऑब्स्टिनेट, हट्टी, म्हणजे तिचे आण्णा, म्हणजे आमचे दाजी.

"बापाला असं म्हणतात?"

"मी कुटं म्हणते? पुस्तक म्हणतंय."

अशाने सबंध गाव इंग्रजीत जाणार. जाऊ दे. शब्द तर बसतायत.

३ मार्च

व्हर्बोज दिला. अर्थ सांगितला, गरजेपेक्षा फार बोलणारा. तिने नुसतं "हं" केलं आणि पुढच्या शब्दाकडे वळली. म्हटलं, याला कोण नेमला? गप्प. चुलीपाशी सौ. तोंडाला पदर लावून हसत होती, तेव्हा ट्यूब पेटली.

मी समजावून सांगतो त्याला बोलणं म्हणतात होय? शिक्षकाने काय खुणा करायच्या? दोघींनाही सांगितलं की समजावून सांगणं आणि बडबड यात फरक आहे, आणि तो काय आहे हेही सविस्तर सांगितलं. त्यावर जास्तच हसल्या.

९ मार्च

नवीनच खूळ. सौ. पण शिकायला बसते. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी चारदा म्हटलं असेल, एबीसीडी तरी शीक. "मला काय करायचीय?" आता भाचीपुढे पाटी घेऊन बसते. शालन तिला डब्यांवरची, साबणाच्या कागदावरची अक्षरं लावायला शिकवते. शिकवते तेव्हा आवाज चढवत नाही. चुकलं तर परत पहिल्यापासून. कंटाळत कशी नाही कोण जाणे.

फळ आज मिळालं. हेडमास्तरांकडे सत्यनारायण. त्यांच्या मंडळींनी चहा दिला. आमच्या सौ.ने घोट घेतला आणि सगळ्यांदेखत, "चहा इन्सिपिड झालाय." हेडमास्तर माझ्याकडे पाहतात, मी छताकडे. घरी आल्यावर बोललो तर म्हणते, "मग? होताच की."

चहा पुचाट होता हे खरं. पण ते सांगायची जागा ती का?

१५ मार्च

दाजी. कारखान्याकडे काम होतं म्हणून आलो म्हणाले. साताऱ्यात कसला आलाय त्यांचा कारखाना? शब्द मोजायला आले होते.

"किती झालं?"

अडीचशेच्या आसपास, म्हटलं.

"रोज धा म्हंजे लय कमी हो. वीस घाला. टोळी वाढवा."

टोळी वाढवा! शब्द म्हणजे ऊसतोड वाटली यांना. मी म्हटलं, दाजी, एकदा बसून तुम्हीच पाच पाठ करून बघा. त्यावर म्हणाले, "माझं काय, मी शब्द दिलाय. पाठ करायचं काम तुमचं."

शालनने वाढलं, पाणी दिलं, विडा दिला. बाप जाईपर्यंत चकार शब्द नाही. एरवी माझ्याशी किती वाद घालते. त्यांची पाठ वळताच सौ.ची पाटी घेऊन बसली.

१९ मार्च

आज जेवताना, "मामा, शब्द आलं न्हाईत तर काय हुतंय?"

"काय होणार? यादीत लिहिलंय. सुपारी परत."

"आन मग?"

"मग तुझ्या बापाचं नाक कापलं जाईल, माझं उरलेलं इथे शाळेत कापतील. अभद्र बोलू नको. येतायत ना शब्द?"

"येत्यात की."

मग एकही प्रश्न नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या, आमटी पुन्हा मागून घेतली. परीक्षेला घाबरली असावी बहुतेक. उद्यापासून जरा गोडीने घ्यायला हवं. माझाही आवाज चढतो.

२५ मार्च

काल पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं. सौ.ने पंचांगाच्या मागच्या पानावरची जाहिरात वाचून दाखवली. इंग्रजी. अडखळत, पण वाचली. घरात जणू बारसं असावं असा आनंद दोघींना.

रात्रीची भांडी आवरताना सौ. म्हणाली, शालन डी.एड.चं विचारत होती. फॉर्म कधी निघतात, मॅट्रिकचे मार्क पुरतात का. मी म्हटलं, लेफ्टनंटच्या बायकोला डी.एड. कशाला? छावणीत शाळा काढणार आहे का? सौ. म्हणाली, "मी आपलं विचारत होती ते सांगितलं."

या घरात मला सगळं सांगितलं जातं, ते असं. अर्धवट.

२ एप्रिल

रंगीत तालीम. सगळे शब्द चिठ्ठ्या करून तांब्यात घातले, एकेक काढला. एक चुकेल तर शपथ. मेलंकली, व्हिंडिक्टिव्ह, प्रोक्रॅस्टिनेट, कुठेही अडली नाही. माझ्या अकरावीच्या वर्गात एका पोराला एवढे येणार नाहीत. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

म्हटलं, शाबास. आता मामाची मान वर राहणार.

"व्हय," म्हणाली, आणि चिठ्ठ्या गोळा करायला लागली.

परीक्षेसाठी वेगळी वही केलीय. नुसते शब्द, अर्थ नाहीत. म्हणजे कुणी म्हणायला नको की मास्तरने फितुरी केली.

८ एप्रिल

काल कडेगावात परीक्षा झाली. आज पहिल्या एस.टी.ने परतलो. शालन तिकडेच राहिली. काय लिहू? संताप आलाय, आणि कुणाचा ते नीट कळत नाही.

सोप्यात घोंगडी अंथरलेली. गावातली पंधरावीस माणसं, जणू कुस्तीचा फड. सुभेदारांनी चष्मा लावला. पलटणीत रोमन अक्षरं शिकलेत, त्यामुळे वाचता येतं. अर्थ लागत नाही. वहीवर बोट ठेवायचे आणि हजेरी घ्यावी तसे ओरडायचे, "मे-टि-क्यु-लस!" शालन दाराशी उभी, डोईवर पदर. "काटेकोर." मग सगळ्या माना माझ्याकडे. अख्ख्या सोप्यात इंग्रजी कळणारा मी एकटा. हे बैठकीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही. मी मान डोलवायची, मग मंडळी म्हणायची, "बराबर!"

अशी पंधराएक झाली. मग "फ्रुगल!"

शालन म्हणाली, "उधळ्या."

माझी मान लयीत डोलून गेली. "बराबर!" मग डोक्यात शिरलं. म्हटलं, पोर गडबडली.

"कँ-डिड!"

"मनात एक, बोलण्यात एक."

साफ उलट. आणि या वेळी सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. खाली नाही, बापाकडे नाही. सरळ माझ्याकडे. सोपा थांबला. दाजी हात मिशीपाशी धरून थांबलेले. सुभेदार चष्म्यावरून बघतायत. मी मान डोलावली.

दोन सोडून, "ऑब्स्टिनेट!"

हा शब्द ती झोपेत चुकणार नाही. या शब्दाचा माणूस तर समोर बसलेला. शालन सावकाश म्हणाली, "सांगंल ते ऐकणारी."

पुन्हा माझ्याकडेच बघत.

डोलावली. तेव्हाही डोलावली.

पुढचे शब्द तिने भराभरा सांगितले. बरोबर की चूक, सांगता येणार नाही, मी घोंगडीकडे बघत होतो, मान आपली हलत होती. सुभेदारांनी वही मिटली, "पास!" दाजींनी पेढे वाटले. एकजण मला म्हणाला, "मास्तर, पोरीची लय तयारी करून घेतलीसा." लग्न १६ मे.

निघताना शालन पाया पडली.

९ एप्रिल

दिवसभर तेच डोक्यात. दुसरं काय करायला हवं होतं मी? सगळ्यांदेखत "चूक" म्हणायचं? आक्काच्या दारात? सुपारी परत गेली असती, गावभर झालं असतं, आणि खापर फुटलं असतं माझ्यावर. मामा मास्तर आणि भाचीला शब्द येईनात. तीन शब्दांसाठी लग्न मोडायचं? भीतीने चुकतात मुलं. माझ्या वर्गातही चुकतात.

भीतीने चुकणारं पोर मास्तरकडे तसं बघत नाही, हेही खरं आहे.

१३ एप्रिल

सौ.ला सगळं सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, पण ती काय म्हणेल ते माहीत होतं. तेच म्हणाली.

"अहो, ती चुकली नाही. ती तुम्हाला विचारत होती."

"काय विचारत होती? तोंडाने विचारायचं! कँडिड म्हणजे काय ते माहिताय ना तिला?"

"आणि तुम्ही काय केलं असतं? बापाला सांगितलं असतं."

सांगितलं असतं. मग? बाप आहे तो तिचा.

सौ. उठून गेली. रात्री जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. मलाच सगळे कोड्यात का बोलतात? एवढं साधं मराठी वाक्य आहे, मला लग्न करायचं नाही. चार शब्द. पाचशे पाठ करणाऱ्या पोरीला चार जड झाले?

२३ एप्रिल

सांगलीला बस्ता. दोन्हीकडची मंडळी. उन्हाने पेठ तापलेली, दुकानात पंखा गरम वारा फेकतोय. गादीवर साड्यांचा ढीग. आक्का विचारते, हिरवी का जांभळी? शालन, "तुमीच ठरवा." शालू? "तुमीच ठरवा." दुकानदार म्हणाला, फार गुणाची मुलगी. मला ती गादी सोडून पळून जावंसं वाटलं.

दुपारी सुभेदार मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले, उसाचा रस प्यायला. सहज म्हणाले, "मास्तर, तुमाला वाटलं आसंल, ह्या म्हाताऱ्याला इंग्रजीचं काय याड लागलं."

मग सांगितलं. ते मेसमध्ये कामाला होते तेव्हाची गोष्ट. एका तरुण साहेबाची बायको, आपल्याकडचीच, खेड्यातली. पार्टीला आली. बाकीच्या बायका काहीतरी बोलल्या, हिने भलतंच उत्तर दिलं. हसल्या सगळ्या. पुढच्या वेळी ती कोपऱ्यात बसली. त्याच्या पुढच्या वेळी आलीच नाही. "मी सरबत घिऊन बंगल्यावर जायचो. दार उघडायची न्हाई. खिडकीतनं हात. वरीसभर त्यो हात बघितला मी. मग तिला म्हायेरी धाडली. आपल्या सुनंचं तसं नको. म्हणून म्हणलं, शब्द यावंत." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुमी मान डोलावली तवा माझा जीव खाली पडला."

रसाचा पेला तसाच गाड्यावर ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पलीकडे दाजी, आक्का, अर्धं गाव, आणि साड्या बांधून झालेल्या.

म्हातारा चांगला आहे. खवीस असता तर किती सोपं झालं असतं.

२९ एप्रिल

शालनला आणि आक्काला केळवणाला बोलावलं होतं. आक्का जेवून संध्याकाळी परत गेली, शालनला सौ.ने आठवडाभर ठेवून घेतलं. ब्लाऊज शिवायचे आहेत हे निमित्त.

आज सौ. मुद्दाम देवळात गेली. जाताना माझ्याकडे असं बघून गेली की विचारल्याशिवाय इलाज नव्हता.

विचारलं. "शालन, तुला हे लग्न करायचंय का नाही?"

ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. सोलतच राहिली. "आता इचारताय व्हय?"

"हो, आता विचारतोय! आधी तू सांगायचं होतंस!"

"सांगितलं की. तीन डाव."

मी चढलोच. ही काय सांगायची रीत झाली? सोपाभर माणसांत, उलटे अर्थ सांगून? तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, मी न्हाई म्हणलं आस्तं तर आण्णांनी दिलेला शब्द खाली पडला आस्ता. मला शब्द आलं न्हाईत आसं झालं आस्तं तर मान माझी खाली गेली आस्ती. आण्णांची न्हाई. तेवढं मला चाललं आस्तं. यादीत तेवढंच एक दार हुतं, आन त्ये आण्णांनीच लिवून ठिवलं हुतं."

"आणि माझी मान?"

"थोडी तुमची बी." जरा हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मुलगा वाईट आहे का, म्हटलं. "वंगाळ कशानं आसंल? मला ठावं तरी कुटं हाय? सुबेदार तर लय चांगलं हायत." मग काय पाहिजे? डी.एड. करायचंय. मामीला पहिली ओळ वाचता आली त्या दिवशी ठरवलं. "आदी वाटायचं, शब्द त्यांच्यासाटी पाट करायचं. मग वाटाय लागलं, हे माझं मलाच का नको?" मग लग्न कधीच नको का? "त्ये मी कुटं म्हणलं? मला इचारून तरी बगा. पर ते बी कुनी इचारंना."

एवढं बोलून टरफलं टाकायला परसात गेली. किती तरी वेळ आली नाही. मी तिथेच बसलेला, पुढ्यात शेंगदाणे. लाज वाटली. अशी कधी वाटली नव्हती, भर वर्गात फळ्यावर चुकलो तेव्हासुद्धा नाही.

३० एप्रिल

सौ.चं म्हणणं, दाजींकडे जा. माझं म्हणणं, दाजींकडे गेलो तर परत येईन का? ते आधी माझा गळा धरतील, मग पोरीचा. सौ. म्हणाली, "मग ज्याला सांगायची जास्त लाज वाटते त्याला सांगा."

हिला हल्ली फार सुचतं.

२ मे

कोरेगावला जाऊन आलो. तिथून पुढे पायी, सुभेदारांच्या वस्तीवर. उन्हाने टाळकं फुटायची वेळ. वाटेत वाक्यं जुळवत होतो, एकही धड नाही.

अंगणात मांडवाचे खांब रोवायचं काम चाललेलं. सुभेदार स्वतः पहार घेऊन. मला बघून पहार टाकली, "या या मास्तर, येवढ्या उन्हाचं?" पाणी आलं, गूळ आला. मी गुळाला हात न लावता सगळं बोलून टाकलं. तीन शब्द चुकीचे होते. तिने मुद्दाम चुकवले. मला कळत होतं. मी मान डोलावली.

ओरडतील वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पायाने थोडी माती खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात लोटली. मग म्हणाले, "जवान कवायतीत चुकला की हवालदाराकडं बगतो. मुद्दाम चुकला तर जास्तच बगतो. त्या दिशी मला खटकलं हुतं. मी तुमच्याकडं बगितलं. तुमची मान हालली. म्हणलं, घरातलं मानूस म्हणतंय तर आसंल बरोबर."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"तिला आमचं घर नको का लगीन नको?"

म्हटलं, ते तिलाच विचारायला हवं. मला ठाऊक नाही. तिला शिकायचंय एवढं कळलं.

"पोराला मी तार करीन. पर आदी तिला इचारतो. तुमच्या दाजीस्नी आत्ताच काय बोलू नगा." उठले. पहार उचलली, परत ठेवली. "मन नसलेली पोर तिकडं न्यायची, आन परत त्यो खिडकीतला हात बगायचा? शब्द येऊन काय उपेग मग?"

मांडवाच्या माणसांनी विचारलं, खांब रोवायचे का? त्यांना म्हणाले, "च्या घ्या जरा."

४ मे

सुभेदारांचा निरोप आला, उद्या रविवारी दुपारच्या गाडीने येतायत. एकटेच. आज सकाळी सौ.च्या नावे दाजींचंही कार्ड. आचारी ठरला, शालनला मंगळवारी धाडून द्या, मास्तरांना लय आशीर्वाद. त्या कार्डाकडे बघवत नाही. उद्या काय ठरतंय कोण जाणे. काहीही ठरलं तरी मी दोन्हीकडून मार खाणार.

सकाळपासून घरात सारवासारव चाललीय, म्हणजे खरीखुरी. सौ.ने पाहुण्यांसाठी नवीन कपबशा काढल्या. शालन मात्र शांत. डोक्यावरून न्हाली, अंगणात केस वाळवत बसली होती. मी दोनदा तिथून गेलो, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

म्हटलं, काय सांगणार आहेस त्यांना? आधी मला तरी सांग, म्हणजे मला बोलायला बरं. कुठे अडलीस तर मी—

"त्ये त्यास्नीच सांगीन की." केसांतून हात फिरवत म्हणाली. "तुमी बसा तितं मामा, बसू नका म्हणत न्हाई. फकस्त मान डोलवू नका."